यंत्रास जोडावयाचा संगणक व त्याचा पडदा

पावसाळ्यांत भाटघरचें धरण भरत आलें म्हणजे भोरकडील लहानथोर मंडळी मुद्दाम दरवाजे पाहावयास जातात. ह्या धरणास ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीस पोंचलें कीं ते उघडतात आणि पातळी उतरली कीं मिटतात. कोणी पहारेकरी चाक फिरवीत नाहीं कीं हुकूम सोडीत नाहीं. पाण्याची पातळी हीच त्यांस आज्ञा. स्वयंचलित दरवाज्यांची युक्ति विश्वेश्वरय्यांनीं १९०३ सालीं पुण्याजवळ खडकवासल्यास अमलांत आणली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचलीहि असेल. ह्या दरवाज्यांचा विशेष असा कीं, आपण कोणत्या स्थितींत आहों हें त्यांस क्षणोक्षणीं कळत असतें, आणि वेळ आली असतां ते तत्काळ हालतात; आधीं नाहीं कीं मागून नाहीं. स्वयंचलित यंत्राचें सारें मर्म ह्या दोन गोष्टींत सांठलेलें आहे. ज्या विषयावर आम्ही आज लिहिणार आहों, त्यांतहि तेंच मर्म आहे.

तो विषय असा. भोर व वेल्हें ह्या डोंगराळ मुलुखांतील शेती बहुतेक भाताची व पावसाच्या भरंवशाची. त्यामुळें घरांतील एखादा तरी मुलगा खेड-शिवापूर, शिरवळ किंवा थेट पुण्याच्या कारखान्यांत कामास लागतो. टर्नर, फिटर, मग सीएनसी यंत्रावरील ऑपरेटर अशा पायऱ्या तो चढतो. आणि आठ-दहा वर्षें झालीं म्हणजे त्याच्या मनांत येतें कीं, नसरापूर-कापूरहोळच्या आसपास एखादी शेड घालावी, एक जुनें मिलिंग यंत्र विकत घ्यावें, त्यास संगणक जोडावा व स्वतंत्र धंदा करावा. घरचे लोक कर्ज काढतात. कोणी जमिनीचा तुकडा विकतो. अशा वेळीं वडील मंडळी विचारतात, "संगणक कोणता घ्यावा? पडदा केवढा घ्यावा?" ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा दुकानदार देतो, आणि दुकानदाराचें उत्तर बहुधा "सर्वांत नवा व सर्वांत मोठा" असेंच असतें. तें उत्तर चुकीचें कां, हें येथें थोडें विस्तारानें सांगावयाचें आहे.

प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं. हातानें चालविण्याच्या लेथवर कारागीर चाक फिरवून टूल पुढें-मागें सरकवितो, चाकावरील रेघा वाचतो, जॉब थांबवून मोजतो व पुन्हां चाक फिरवितो. हरिहरच्या मैसूर किर्लोस्कर कारखान्यानें १९४१ पासून पुढें असे लेथ कितीतरी बनविले. त्यांवर डोळा, हात व मोजमाप यांची सांगड कारागिराच्या अंगांतच असे. पुढें १९५२ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयानें एक मिलिंग यंत्र छिद्रें पाडलेल्या कागदी पट्टीवरून चालवून दाखविलें. मूळ कल्पना जॉन पार्सन्स नांवाच्या कारखानदाराची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे बांक मोजून कापण्याच्या कामांतून ती त्यास सुचली होती. त्या यंत्राच्या नियंत्रकांत शेंकडों निर्वात नळ्या होत्या. आज तेंच काम जेवणाच्या डब्याएवढी पेटी करते.

पट्टी गेली, पण भाषा पुष्कळशी तीच राहिली. "जी ०१ एक्स ५० एफ २००" अशी ओळ संगणकास दिली म्हणजे तिचा अर्थ, एक्स दिशेनें ५० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत, मिनिटास २०० मिलिमीटर वेगानें, सरळ रेषेंत कापीत जा. इयत्ता आठवीच्या मुलानें आलेख काढला असेल तर त्यास ही भाषा चार दिवसांत समजते. कठीण काम पुढचें आहे. ही आज्ञा मोटरीपर्यंत पोंचवावयाची ती विजेच्या लहान लहान ठोक्यांच्या रूपानें, आणि येथेंच संगणकाची खरी परीक्षा होते.

थोडें गणित करूं. ज्या मोटरीस स्टेपर म्हणतात ती सामान्यतः २०० पावलांत एक फेरा पुरा करते. तिला चालविणारा ड्राइव्ह प्रत्येक पावलाचे १० भाग करीत असेल तर एका फेऱ्यास २,००० ठोके लागतील. टेबल सरकविणारा आटेदार दांडा एका फेऱ्यांत ५ मिलिमीटर सरकवितो असें धरल्यास, एक मिलिमीटरास ४०० ठोके झाले. आतां टेबल मिनिटास १,५०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदास २५ मिलिमीटर चालवावयाचें आहे. सेकंदास १०,००० ठोके झाले. दोन ठोक्यांमधील अंतर एका सेकंदाचा दहा हजारावा भाग, म्हणजे १०० मायक्रोसेकंद. पापणी लवण्यास लागणाऱ्या वेळांत असे हजारभर ठोके सहज निघून जातात.

हे ठोके नुसते पुष्कळ असून भागत नाहीं. ते सारख्या अंतरानें पडले पाहिजेत. आमच्या मुलांनीं लेझीम खेळतांना हें अनुभविलेलें आहे. हलगीवाला कितीहि जलद वाजवो, पोरें त्याच्याबरोबर नाचतात. पण तो मध्येंच अर्धा ठोका चुकला तर सारी रांग अडखळते. मोटरीचेंहि असेंच आहे. भरधाव वेगांत असतां ठोका उशिरां आला, आणि मग राहिलेले ठोके घाईनें आले, कीं मोटरीचा गाभा त्या तालाबरोबर राहूं शकत नाहीं व घसरतो. घसरतो तो एकदम चार पावलें. वरील हिशेबानें चार पावलें म्हणजे ४० ठोके, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. ज्या जॉबमध्यें बेअरिंग बसवावयाचें आहे, त्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या एक-दोन पटींहून अधिक फरक चालत नाहीं. तो जॉब भंगारांत गेला. आणि वाईट असें कीं, साध्या स्टेपर मोटरीस मागें वळून सांगतां येत नाहीं कीं मी घसरलें. पडद्यावर आंकडा बरोबरच दिसत राहतो. भाटघरच्या दरवाज्यास पाण्याची पातळी कळते. ह्या मोटरीस आपली जागा कळत नाहीं.

महामार्गालगतच्या एका लहान कारखान्यांत आम्हीं हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. मालक तरुण व मोठा मेहनती. खेळ खेळण्याकरितां बनविलेला, रंगीत दिवे लागणारा, भारी किंमतीचा संगणक त्यानें घेतला होता; पडदा भिंतीएवढा. बिडाच्या झाकणांची एक ऑर्डर त्यास मिळाली होती. पहिलीं पांच झाकणें बरोबर, सहावें वांकडें, पुढचीं तीन बरोबर, दहावें पुन्हां वांकडें. त्यानें टूल बदललें, पट्टे आवळले, मोटरी बदलल्या. महिना गेला व ऑर्डर दुसरीकडे गेली. शेवटीं एका जाणत्या माणसानें पाहून सांगितलें कीं, संगणक आपल्या मनानें अधूनमधून दुसऱ्या उद्योगास लागतो. कधीं पडदा रंगवितो, कधीं वीज वांचविण्यासाठीं स्वतःचा वेग कमी-जास्त करतो, कधीं नवी सुधारणा उतरवून घेतो. आणि तेवढ्या वेळांत ठोके चुकतात. मग एका कार्यालयानें टाकून दिलेला दहा वर्षांचा जुना संगणक आणून जोडला व तेंच यंत्र सुरळीत चालूं लागलें. किंमत पहिल्याच्या विसाव्या हिश्श्याइतकी.

ह्यावरून जुना तो चांगला असा अर्थ कोणी काढूं नये. जुन्यांतहि लबाड असतात. सांगावयाचें तें एवढेंच कीं, यंत्रास जोडण्याच्या संगणकाचा गुण वेगांत नसून वक्तशीरपणांत आहे. घरगुती संगणक सरासरीनें फार काम उरकतो; पण अमुक क्षणीं अमुक काम करीनच, असें वचन तो देत नाहीं. यंत्रास सरासरीशीं कर्तव्य नाहीं. लाख ठोके वेळेवर पडून एक चुकला तरी जॉब गेलाच.

हा वक्तशीरपणा मोजतां येतो, व मोजल्याशिवाय कोणीहि पैसे देऊं नयेत. लिनक्स सीएनसी नांवाची प्रणाली फुकट मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंत १९९० च्या दशकांत तिचा पाया घातला गेला व आज जगभरचे हौशी आणि व्यावसायिक लोक मिळून ती सांभाळतात. ती एका पेन-ड्राइव्हवर घेऊन कोणत्याहि संगणकावर तात्पुरती सुरू करतां येते. आंतील कांहीं पुसलें जात नाहीं. तिच्यांत विलंब मोजण्याची एक चांचणी आहे. ती सुरू करावी, आणि मग संगणकास मुद्दाम छळावें: खिडक्या उघडाव्या-मिटाव्या, चित्रपट लावावा, मोठ्या फाइलींच्या नकला कराव्या. एक तासानें जास्तींत जास्त विलंबाचा आंकडा पाहावा. वीस मायक्रोसेकंदांच्या आंत असेल तर उत्तम. पन्नासच्या आंत असेल तर मध्यम वेगाचें काम निभेल. शंभराच्या वर गेल्यास त्या संगणकाकडून स्टेपर मोटरीस ठोके देववूं नयेत. कित्येकदां आंकडा सुधारतांहि येतो. संगणक सुरू होतांना जी मूळ मांडणी दिसते तींत जाऊन वीज-बचतीच्या सोयी बंद कराव्या. निराळें भारी चित्र-कार्ड असेल तर तें काढून अंगच्याच चित्र-सोयीवर काम भागवावें. ज्या कार्डास दुकानदार भूषण समजतो, तेंच पुष्कळदां ह्या ठिकाणीं दूषण ठरतें.

दुसरा मार्ग अधिक खात्रीचा आहे, आणि ज्यास पोट भरावयाचें आहे त्यानें तोच धरावा, असें आमचें मत आहे. ठोके मोजून देण्याचें काम संगणकाकडे ठेवूंच नये. त्यासाठीं वेगळें कार्ड घ्यावें. मग संगणक दर हजाराव्या सेकंदास "एवढें सरक" इतकेंच सांगतो, व त्या एका आज्ञेचे ठोके पाडणें हें कार्ड आपल्या स्वतःच्या घड्याळावर करतें. गांवच्या पाटलानें वर्दी द्यावी आणि हलगी हलगीवाल्यानेंच वाजवावी, तसें. अशीं कार्डें ईथरनेटच्या केबलनें जोडतां येतात. यांच्यायोगें मध्यम प्रतीचा संगणकहि चालतो. चार जीबी स्मृति पुरते, आठ असल्यास चैन समजावी. सर्व्हो मोटर वापरावयाची असेल तर हें कार्ड घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. कारण सर्व्होच्या टोंकास बसविलेला मोजक आपली जागा सतत परत कळवीत असतो व तें मोजमाप कोणींतरी वेळच्या वेळीं घेतलें पाहिजे. भाटघरच्या दरवाज्याचा गुण ज्या मोटरीस असतो ती ही. महाग पडते, पण घसरली तर निदान सांगते व यंत्र थांबवितां येतें.

जुन्या संगणकांस मागील बाजूस पंचवीस पिनांचें एक द्वार असे, त्यास पॅरलल पोर्ट म्हणत. पूर्वी त्यास छपाईचें यंत्र जोडीत. पुढें हौशी लोकांनीं त्यावरूनच मोटरी चालविल्या. शिकण्यासाठीं हा मार्ग अद्यापि उत्तम आहे. मात्र नव्या संगणकास यूएसबीवरून पॅरलल करून देणारी स्वस्त केबल मिळते, ती घेऊन फसूं नये. यूएसबीवर माहिती टपालाच्या थैलीप्रमाणें गठ्ठ्यागठ्ठ्यानें जाते. ठोक्याचा नेमकेपणा तींत राहत नाहीं. ज्यांस नुसतें खेळून पाहावयाचें आहे त्यांनीं जीआरबीएल नांवाचा छोटा प्रोग्रॅम घालून ऑर्डुइनो कार्ड वापरावें. तळहाताएवढें तें कार्ड सेकंदास तीस हजारपर्यंत ठोके नेमके देतें. लांकडावर अक्षरें कोरणारें यंत्र त्यावर सुखानें चालतें.

आणि ज्या मुलानें मोठ्या कारखान्यांत फानुक किंवा सीमेन्सचे नियंत्रक पाहिले आहेत, तो विचारील कीं, हा सारा खटाटोप कशाला? ज्याच्याजवळ भांडवल आहे त्यानें तयार नियंत्रकासहच यंत्र घ्यावें. त्यांत वक्तशीरपणाची चिंता बनविणाराच करतो. येथील विवेचन आहे तें जुन्या, पण अंगानें घट्ट अशा यंत्रास नवें डोकें बसवूं पाहणाऱ्यांसाठीं. अंगानें घट्ट हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. टेबलाच्या दांड्याचे आटे झिजून चाकास पाव फेऱ्याचा हेलकावा येत असेल, तर कोणताहि संगणक त्यास बरें करणार नाहीं. आधीं यंत्र, मग मोटरी, मग कार्ड, आणि सर्वांत शेवटीं संगणक, हा खरेदीचा क्रम असावा. बहुतेक लोक उलट्या टोंकाकडून सुरुवात करतात.

हें सर्व खेड्यांतील मुलांच्या आवांक्यांतलें आहे काय, अशी शंका पालकांस येणें स्वाभाविक आहे. आपल्याच जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. शाळेंत मन न रमलेल्या मुलांस हातानें काम करीत विज्ञान शिकवावें, हा त्यांचा हेतु. त्या आश्रमांत २००२ सालीं फॅब लॅब म्हणून प्रयोगशाळा उभी राहिली. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच तंत्रविद्यालयाच्या प्रेरणेनें जगांत ज्या अगदीं पहिल्या प्रयोगशाळा निघाल्या त्यांपैकीं ही एक होय. संगणकानें चालणारीं कापण्या-कोरण्याचीं यंत्रें तेथें खेड्यांतील मुलें हाताळतात. जें पाबळास होतें तें भोरास होऊं नये असें कांहीं नाहीं.

आतां हवा, पाणी व वीज यांकडे वळूं. कारण शहरांत चालणारी वस्तु आपल्याकडे चालेलच असें नाहीं. तोरणा-राजगडाच्या पायथ्याचा पाऊस सर्वांस ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर भिंतींस ओल येते, कपाटांतील पुस्तकांस बुरशी चढते. मग संगणकाच्या तांब्याच्या तारांचें काय होत असेल! रात्रीं थंड पडलेल्या पेटींत सकाळीं दमट हवा शिरली कीं आंत दंव धरतें. ज्यांस शक्य आहे त्यांनीं पावसाळ्यांत नियंत्रकाच्या कपाटांत लहानसा तापक ठेवावा, निदान बंद रात्रीनंतर थोडा वेळ आंतील हवा ऊबदार होऊं द्यावी व मग यंत्र सुरू करावें.

धूळ ही दुसरी वैरीण. मातीची धूळ वाईटच, पण बिडाची धूळ अधिक वाईट, कारण तिच्यांतून वीज वाहते. घरगुती संगणकास पंखा असतो; तो बाहेरची हवा आंत ओढतो व तिजबरोबर ही काळी भुकटीहि. वर्षभरांत तिचा थर सर्किटावर बसतो आणि एके दिवशीं दोन टोंकें जोडली जातात. म्हणून पंखा नसलेला, सर्व अंगानें बंद व धातूच्या पंखांवाटे उष्णता सोडणारा औद्योगिक संगणक मिळाल्यास उत्तम. तो परवडत नसेल तर साधा संगणक पत्र्याच्या बंद कपाटांत ठेवावा व कपाटास गाळणी लावलेला पंखा आंत हवा ढकलील असा बसवावा, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाईल, आंत येणार नाहीं. गाळणी दर आठवड्यास झाडावी. वाऱ्याच्या नळीनें कपाट झोडपून साफ करण्याची संवय मात्र फार वाईट. धूळ जेथें पोंचत नव्हती तेथें ती पोंचविली जाते.

विजेचें तर काय सांगावें! पावसाळ्यांत ती केव्हां जाईल याचा नेम नाहीं. चालतां चालतां संगणक मेला तर त्याच्या आंतील लिखाण बिघडूं शकतें व पुढच्या खेपेस तो सुरूच होत नाहीं. फिरती डिस्क टाळून सॉलिड-स्टेट डिस्क घ्यावी. कंपनांनीं ती बिघडत नाहीं. शिवाय संगणकापुरती यूपीएस अवश्य ठेवावी. पण येथें एक खबरदारी आहे. वीज गेली असतां स्पिंडल थांबतो आणि यूपीएसवर जिवंत असलेला संगणक टेबल पुढें ढकलीतच राहतो, असें होतां कामा नये. वीज गेल्याची सूचना त्यास मिळून सारें एकदम थांबलें पाहिजे. नंतर यंत्र मूळ खुणेवर परत नेऊनच काम पुढें चालू करावें. जमिनीस जोडलेली तार, म्हणजे अर्थिंग, चांगली असावी, आणि स्पिंडलच्या मोटरीची केबल ठोक्यांच्या बारीक तारांशेजारून कधींहि नेऊं नये. पुष्कळ वेळां ज्यास संगणकाचा दोष समजतात तो ह्या शेजाराचा दोष असतो.

पडद्याविषयीं लोकांचा गैरसमज सर्वांत मोठा. पडदा शोभेसाठीं नाहीं; तो काम करणाऱ्याच्या डोळ्यासाठीं आहे. कारागीर यंत्रापाशीं उभा असतो, त्याचें लक्ष टूलच्या टोंकाकडे असतें, आणि मधूनच क्षणभर नजर वळवून त्यास एक-दोन आंकडे पाहावयाचे असतात. तेवढ्या क्षणांत ते वाचतां आले पाहिजेत. जितक्या अंतरावरून वाचावयाचें त्याच्या दोनशेवा भाग एवढी अक्षराची उंची असावी, असा एक उपयुक्त ठोकताळा आहे. दोन मीटरांवरून वाचावयाचा आंकडा निदान एक सेंटिमीटर उंच हवा. पंधरा इंची पडद्यावर जागेचे आंकडे असे मोठे मांडतां येतात. बत्तीस इंची पडद्यावर बारीक अक्षरांची गर्दी करून कांहीं साधत नाहीं. लाल व हिरवा हा भेद कित्येक पुरुषांस दिसत नाहीं, व बऱ्याच जणांस तें स्वतःसहि ठाऊक नसतें. म्हणून "चालू" आणि "बंद" यांचा फरक नुसत्या रंगानें दाखवूं नये, शब्दहि लिहावा. तो शब्द मराठी असला तर आम्हांस अधिकच बरें वाटेल.

पडदा विकत घेतांना तो समोरून पाहूं नये. समोरून सर्वच चांगले दिसतात. जॉब पाहण्यासाठीं वांकलेला मनुष्य पडद्याकडे खालून व बाजूनें पाहतो. स्वस्त जातीचे पडदे खालून पाहिले असतां काळे पडतात. आयपीएस जातीचे पडत नाहींत. दुकानांत गुडघ्यांवर बसून पाहावें, दुकानदार हंसला तर हंसूं द्यावें. उजेडाचेंहि तसेंच. कार्यालयीन पडद्याचें तेज अडीचशे-तीनशे निट असतें. दार उघडें असलेल्या शेडींत चारशे-पांचशे लागतें. हजारावरचें फक्त ऊन थेट पडत असेल तरच. पण हजार निटांचा पडदा घेण्यापेक्षां दाराकडे पाठ करून तो बसविणें स्वस्त पडतें.

बोट लावून चालणारे पडदे हल्लीं सर्वत्र झाले आहेत. फोनसारखा पडदा कूलंटचा थेंब पडला कीं भलतेंच बोट समजतो, व साध्या हातमोज्यांतून त्यास कांहीं कळत नाहीं. दाबानें चालणारा जुन्या जातीचा पडदा मोज्यांतून, काडीनें, कशानेंहि चालतो. मात्र त्याच्या वरची पातळ त्वचा लोखंडी चुऱ्यानें ओरखडते, म्हणून तिजवर बदलतां येणारें आवरण चिकटवावें. (मोजे जॉब उचलण्यापुरतेच घालावे, फिरत्या स्पिंडलजवळ ते कधींहि हातांत असूं नयेत, कारण मोज्याबरोबर हातहि ओढला जातो.) पडद्यावर "आयपी ६५" असें लिहिलेलें असतें, त्यांतील ६ म्हणजे धूळ मुळींच शिरत नाहीं व ५ म्हणजे पाण्याच्या झोतानेंहि बिघडत नाहीं. परंतु पुष्कळदां हें वचन फक्त पुढच्या बाजूचें असतें व पाठ उघडीच असते. पाठ पाहून घ्यावी.

जुन्या यंत्रावर कांचेच्या नळीचा जाड पडदा असेल तर तो विद्यार्थ्यांनीं उघडूं नये. वीज काढल्यावरहि त्यांत प्राणघातक दाब शिल्लक राहतो. त्याच्या जागीं बसणारे सपाट पडदे तयार मिळतात. तें काम जाणत्याकडून करून घ्यावें.

इतकें पाहिल्यावर एका वस्तूविषयीं तडजोड नाहीं, ती म्हणजे लाल, छत्रीच्या आकाराची आणीबाणीची कळ. ती दाबली असतां मोटरींची वीज तारेनें व रिलेनें थेट तुटली पाहिजे. कळ संगणकास विचारणार, मग संगणक मोटरीस थांबविणार, अशी रचना कोणी करून देऊं लागला तर त्यास परत पाठवावें. संगणक गोठला त्याच क्षणीं कळ निरुपयोगी होते, आणि बोट अडकण्याची वेळहि बहुधा तीच असते. संगणकास "कळ दाबली गेली आहे" असें कळवावें जरूर, पण परवानगी मागूं नये. ही कळ पडद्यावर काढलेली नसावी, भिंतीवरहि नसावी. डोळे न लावतां उजवा किंवा डावा हात पडेल तेथें असावी. नवीन यंत्र पाहावयास जाणाऱ्या पालकांनीं बाकी कांहीं समजलें नाहीं तरी ही कळ स्वतः दाबून पाहावी, आणि तीहि संगणकाची केबल काढून ठेवून. तरीहि सारें थांबलें तर रचना बरोबर आहे.

यंत्र एकदां नीट चालूं लागलें कीं त्याच दिवशीं डिस्कची एक संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर करून ती घरीं, कोरड्या जागीं ठेवावी. संगणकाच्या मूळ मांडणींत कोणत्या सोयी बंद केल्या, एका मिलिमीटरास ठोके किती धरले, कोणती तार कोणत्या पिनेस गेली, हें सर्व स्वच्छ अक्षरांत कागदावर लिहून, कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून नियंत्रकाच्या कपाटाच्या दारास आंतून लावावा. चार वर्षांनीं संगणक बिघडेल तेव्हां तो जोडणारा मुलगा कदाचित् पुण्यास नोकरीवर असेल; दार उघडणाऱ्या त्याच्या धाकट्या भावास तेवढा एक कागद पुरतो.